अ‍ॅबिंग्डनच्या मोटारीचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या कानांना ओळखीचा आहे, तो देवालयांच्या, घाटांच्या आणि बारवांच्या संबंधानें. शिखराला तडा गेला, पायऱ्यांचे चिरे निखळले, कीं गांवकरी वर्गणी जमवितात, पाथरवटाला बोलावितात आणि पूर्वजांच्या हातची वस्तु पुन्हां उभी करतात. हाच शब्द दोन माणसांनीं बसावयाच्या एखाद्या लहानशा मोटारीला लावला, तर ऐकणारा कदाचित् हंसेल. परंतु गेल्या साठ वर्षांत ब्रिटनमध्यें जें घडत आलें आहे, त्याला दुसरें नांव शोभत नाहीं. यांत्रिक धंद्याशीं ज्यांचा कांहींएक संबंध नाहीं, असे कारकून, शिक्षक, डॉक्टर आणि पेन्शनर आपल्या घराशेजारच्या गॅरेजांत रविवारमागून रविवार बसतात आणि गंजानें खाल्लेली एखादी जुनी स्पोर्ट्स मोटार सुटी करून, स्वच्छ करून पुन्हां जोडतात. एकेका मोटारीपायीं तीन-तीन, पांच-पांच वर्षें जातात. कित्येकांचें काम अर्ध्यावर राहतें; पण कित्येकांचें पुरेंहि होतें, आणि पंचवीस वर्षें कोंबड्यांच्या खुराड्याशेजारीं ताडपत्रीखालीं पडलेली मोटार एके दिवशीं आपल्या चाकांवर रस्त्यावर येते.

मोटार ही कारखान्यांत होणारी वस्तु. जी वस्तु निर्माण करण्यास हजारों माणसें आणि अवजड यंत्रें लागतात, ती एका माणसाला घरच्या घरीं पुन्हां घडवितां यावी, हें पहिल्यानें ऐकतांना आश्चर्याचें वाटतें. या आश्चर्याचा उलगडा त्या मोटारींच्या जन्मकथेंतच आहे. ती कथा आज मी आपल्यापुढें मांडणार आहें, आणि उदाहरणादाखल एकच घराणें घेणार आहें : एम्. जी. मोटारींचें. अष्टकोनांतील हीं दोन अक्षरें आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरहि दिसतात. त्या नांवाची मालकी सध्यां चीनमधील एका मोठ्या कंपनीकडे असून, २०१९ सालापासून गुजरातेंतील हालोल येथें त्या नांवाच्या मोटारी तयार होतात. परंतु अक्षरें मूळचीं ऑक्सफर्डचीं आहेत, आणि त्यांचा अर्थ अगदीं साधा आहे : ‘मॉरिस गॅरेजिस’, म्हणजे मॉरिसचीं गॅरेजें.

हा विल्यम मॉरिस १८९३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, चार पौंडांच्या भांडवलावर ऑक्सफर्डांतील वडिलांच्या घरीं सायकली दुरुस्त करूं लागला. सायकलींवरून तो मोटारींकडे वळला, आणि १९१३ सालीं त्याची पहिली मोटार बाहेर पडली. तिचे बहुतेक भाग त्यानें इतर कारखानदारांकडून विकत घेतले होते. त्याचें कौशल्य होतें तें योग्य भाग निवडण्यांत, ते स्वस्तांत मिळविण्यांत आणि नीट जोडण्यांत. पुढें हाच माणूस लॉर्ड नफील्ड झाला आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठाला त्यानें अपार द्रव्य दिलें. त्याच्या ऑक्सफर्डांतील विक्रीच्या व दुरुस्तीच्या दुकानांचा कारभार १९२२ सालीं सेसिल किंबर या हौशी आणि कल्पक गृहस्थाकडे आला. किंबरनें पाहिलें कीं, मॉरिसच्या साध्या, घरगुती मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर जरा ऐटबाज पेटी चढविली, कमानी थोड्या खालीं आणल्या आणि एंजिनाला हलक्या हातानें चलाख केलें, तर तरुण गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजण्यास आनंदानें तयार होतें. एम्. जी.चा जन्म हा असा झाला. तिचें कूळ शर्यतीच्या घोड्याचें नव्हतें. टांग्याच्या घोड्यालाच किंबरनें नवें खोगीर आणि नवी चाल दिली होती.

१९२९ सालीं विक्रीस आलेली ‘मिजेट’ ही मोटार या पद्धतीचा उत्तम नमुना होय. मॉरिस कारखान्याच्या ‘मायनर’ नामक स्वस्त मोटारीचा सांगाडा आणि ८४७ घन सेंटीमीटरांचें एंजिन. त्यावर प्लायवुडाची, कापडानें मढविलेली, होडीच्या आकाराची पेटी. आणि किंमत १७५ पौंड. तोंपर्यंत धांवती मोटार म्हणजे जमीनदारांच्या मुलांचें खेळणें होतें. आतां बँकेंतल्या तरुण नोकराला हप्त्यानें कां होईना, ती घेतां येऊं लागली. अशा तीन हजारांहून अधिक मिजेट विकल्या गेल्या.

त्याच वर्षीं किंबरनें आपला सारा पसारा ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्सच्या कांठीं असलेल्या अ‍ॅबिंग्डन या लहान गांवीं हलविला. तेथें कातडीं कमावण्याच्या एका कारखान्याचा कांहीं भाग रिकामा पडला होता. त्यांत मोटारी जोडण्याचें काम सुरू झालें. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व कथेचें मर्म तींत आहे. अ‍ॅबिंग्डनला मोटारीचे भाग फारसे तयार होतच नसत. एंजिन एका गांवाहून येई, पत्र्याची पेटी दुसऱ्या गांवाहून, विजेचें सामान तिसऱ्याहून. अ‍ॅबिंग्डनचीं माणसें तीं एकमेकांस जोडीत. डेट्रॉइटच्या कारखान्यांतून मोटारी वाहून नेणारा यांत्रिक सरकता पट्टा होता. अ‍ॅबिंग्डनांत तो अखेरपर्यंत आला नाहीं. एका माणसाचें काम संपलें, कीं मोटार हातांनीं ढकलून पुढच्या माणसाकडे देत. पन्नास वर्षें हें असेंच चाललें. अर्थात् जी वस्तु मुळांतच हातांनीं, साध्या पान्यांनीं आणि एका वेळीं एक बोल्ट आंवळून जोडली गेली, ती तशीच सोडवितांहि येते आणि पुन्हां जोडतांहि येते. पुढें ज्या घरगुती गॅरेजांत तिचा पुनर्जन्म व्हावयाचा होता, त्यांच्याच जातीचा, केवळ आकारानें मोठा, असा तो कारखाना होता.

किंबरचा शेवट मात्र दुःखकारक झाला. १९३५ सालीं मॉरिसनें एम्. जी.ची कंपनी आपल्या मोठ्या कंपनींत विलीन केली आणि शर्यती थांबविल्या. पुढें महायुद्धाच्या धामधुमींत, १९४१ सालीं, किंबरलाच दूर करण्यांत आलें. आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या आगगाडीच्या अपघातांत तो मरण पावला. युद्ध संपण्यास तेव्हां थोडेच महिने उरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅबिंग्डनांतून ‘टी. सी.’ ही मोटार बाहेर पडली आणि किंबरनें कल्पिलेल्या मोटारीनें समुद्र ओलांडला.

युद्धानंतरचें ब्रिटन कर्जांत बुडालेलें होतें. पोलादाचा वांटा निर्यात करणाऱ्या कारखान्यांना आधीं मिळे. म्हणून मोटारी देशाबाहेर धाडणें हा जगण्याचाच प्रश्न होऊन बसला. इंग्लंडांत राहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनांत त्या लहान, चपळ मोटारी भरल्या होत्या. उभट जाळी, तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें, वाऱ्यावर मोकळी बैठक, असें टी. सी.चें रूप युद्धापूर्वींच्या काळांतलें होतें, आणि चक्र उजव्याच बाजूला होतें. तरी अमेरिकेनें तिला आपलें म्हटलें. १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें दहा हजार मोटारी झाल्या. १९५५ सालीं गोलाईदार अंगाची ‘एम्. जी. ए.’ आली, तिची संख्या एक लाखावर गेली आणि त्यांतील फारच थोड्या खुद्द ब्रिटनमध्यें राहिल्या.

या एम्. जी. ए.शीं आपलें एक जवळचें नातें आहे. तिच्यांत आरंभीं बसविलेलें १४८९ घन सेंटीमीटरांचें एंजिन ज्या कुळांतलें होतें, त्याच कुळांतलें आणि त्याच मापाचें एंजिन आपल्या हिंदुस्थान मोटर्सच्या ‘अ‍ॅम्बॅसिडर’ मोटारींत कित्येक वर्षें होतें. दिल्लीच्या मंत्र्याला कचेरींत नेणारी संथ गाडी आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठावर भरधांव जाणारी लाल गाडी, या दोघींच्या छातींत एकाच घराण्याचें हृदय धडधडत होतें. मुंबई-पुण्याच्या ज्या मिस्त्रींनीं अ‍ॅम्बॅसिडरचीं एंजिनें आयुष्यभर उघडलीं, त्यांच्यापुढें एम्. जी. ए. ठेवली, तर तिचें झांकण उघडल्यावर त्यांना परक्या घरीं आल्यासारखें वाटणार नाहीं.

१९६२ सालीं ‘एम्. जी. बी.’ अवतरली. मॉरिसच्या ऑक्सफर्डांतील दुकानांत पोरवयांत नोकरीस लागलेला सिड एनेव्हर हा तिचा मुख्य रचनाकार. ही मोटार अठरा वर्षें चालली आणि पांच लाखांहून अधिक निघाली. परंतु तिच्या रचनेंत एक मोठा फरक होता, आणि जीर्णोद्धाराच्या इतिहासांत तो फार महत्त्वाचा ठरला. पूर्वींच्या मोटारींना पोलादी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असे, आणि वरची पेटी त्यावर नुसती बसविलेली असे. टी. सी.ची पेटी तर अ‍ॅश नांवाच्या झाडाच्या लांकडाची चौकट करून तिच्यावर पत्रा ठोकून बनविलेली होती. ती कुजली तरी सुतारकाम येणारा माणूस नवी चौकट करूं शके. एम्. जी. बी.ला असा वेगळा सांगाडा नाहीं. दाबून आकार दिलेले पत्रे एकमेकांस जोडून जी पेटी होते, तीच सर्व भार पेलते. वजन कमी होतें, रचना बळकट होते. पण पत्र्याला गंज लागला, कीं मोटारीच्या हाडांनाच तो लागतो.

आणि गंज तर लागणारच होता. हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून इंग्लंडांत रस्त्यांवर मीठ पसरतात. तें खारट पाणी चाकांनीं उडून पत्र्यांच्या पोकळ्यांत शिरतें आणि तेथेंच बसून राहतें. सात-आठ वर्षांत दारांखालचे उंबरे आंतून पोकळ होतात. १९६० सालीं ब्रिटिश सरकारनें दहा वर्षांवरील मोटारींची वार्षिक तपासणी सक्तीची केली आणि १९६७ सालापासून ती तीन वर्षांच्या मोटारींनाहि लागू झाली. लोकांच्या जीविताच्या दृष्टीनें हा कायदा योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या मोटारीची बाजारांतली किंमत पन्नास पौंड, तिच्या दुरुस्तीला दीडशें पौंड लागूं लागले. अशा मोटारी हजारोंनीं भंगारांत गेल्या. ज्यांच्या धन्यांना त्या मोडवेनात, त्या कोठारांत ढकलल्या गेल्या : ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ या आश्वासनावर. उपेक्षेचा आरंभ बहुधा अशा प्रेमळ आश्वासनानेंच होत असतो.

तिकडे कारखान्याचेंहि आयुष्य संपत आलें होतें. कंपन्या एकमेकींत विलीन होत होत एक अवाढव्य, तोट्यांतली संस्था उरली होती. सप्टेंबर १९७९ मध्यें अ‍ॅबिंग्डननें आपल्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. तो आटोपतो न आटोपतो तोंच, १० सप्टेंबरच्या सोमवारीं, कारखाना बंद करण्याचा बेत जाहीर झाला. ऑक्टोबर १९८० मध्यें शेवटची मोटार जोडून झाली आणि दारें मिटलीं. बापलेक ज्या एकाच छपराखालीं कामाला होते, अशीं घरें त्या गांवांत होतीं. कोणता बोल्ट किती आंवळावा, दार बसेना तर बिजागरी कोणत्या बाजूला किंचित् ओढावी, हें ज्ञान त्यांच्या बोटांत होतें. कारखाना बंद होतो तेव्हां यंत्रें लिलांवांत विकलीं जातात. बोटांतल्या ज्ञानाचा लिलांव होत नाहीं, तें नुसतें नाहींसें होतें. अ‍ॅबिंग्डनचें ज्ञान नाहींसें झालें नाहीं, याचें श्रेय फार मोठ्या प्रमाणांत हौशी लोकांना आहे.

या हौशी परंपरेचा एक प्रारंभ, आश्चर्य म्हणजे, एडनच्या वाळवंटांत झाला. जॉन हेन्स हा सिलोनांत १९३८ सालीं जन्मलेला तरुण ब्रिटिश हवाईदलांत नोकरीला असून १९६५ च्या सुमारास एडनला होता. त्याच्या एका सहकाऱ्यानें ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ नांवाची मोडकळीस आलेली स्पोर्ट्स मोटार घेतली होती. हीहि अ‍ॅबिंग्डनांतच जोडली गेलेली. कारखान्यानें काढलेलें माहितीपुस्तक सामान्य वाचकाच्या उपयोगाचें नव्हतें. तें प्रशिक्षित मिस्त्रीसाठीं लिहिलेलें होतें. तेव्हां हेन्सनें ती मोटार मित्राबरोबर पुरती सुटी केली, पुन्हां जोडली आणि प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेतलें. त्या छायाचित्रांतून १९६६ सालीं त्याचें पहिलें दुरुस्ती-पुस्तक निघालें. पुढें अशा शेंकडों पुस्तकांची माला झाली. त्या पुस्तकांचा दंडक असा कीं, लेखकानें आधीं स्वतः मोटार खोलावी आणि मगच लिहावें. पाकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणें तें ओट्याशेजारीं उघडें ठेवून काम करावयाचें असतें. म्हणूनच ब्रिटिश गॅरेजांतून त्याची स्वच्छ प्रत क्वचितच पाहावयास मिळते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. कोठारांतून मोटार बाहेर निघाली, कीं नवख्याला पहिला मोह होतो तो एंजिन सुरू करून पाहण्याचा. जाणते लोक तो कटाक्षानें टाळतात. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या एंजिनांत दट्ट्या सिलिंडरला गंजानें चिकटलेला असतो. त्याला एकदम झटका दिला तर कडीं मोडतात. ठिणगीचे प्लग काढून त्या भोंकांतून पातळ वंगण ओतावें, कांहीं दिवस थांबावें आणि मग हातानें एंजिन हळूहळू फिरवून पाहावें, ही रीति. टांकींतलें पेट्रोल आटून डिंकासारखें झालेलें असतें. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें आणि आंतून नळ्या व सिलिंडर खातें. म्हणून ब्रेकचा कोणताहि भाग जुन्यावर विसंबून ठेवीत नाहींत. विजेच्या तारा उंदरांनीं कुरतडलेल्या असतात. शिवाय १९६७ पर्यंतच्या एम्. जी. बी.सारख्या मोटारींत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असे, आजच्या रिवाजाच्या नेमका उलट. हें न जाणतां कोणी आधुनिक उपकरण जोडलें, तर तें क्षणांत जळून जातें.

सोडविलेला प्रत्येक भाग पिशवींत घालून त्यावर चिठ्ठी लावणें, हें या कामांतलें सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत मोलाचें काम आहे. उपेक्षित मोटार वाईट; पण अर्धवट सुटी केलेली आणि भाग हरवलेली मोटार त्याहून वाईट. पहिलींत निदान सर्व वस्तु आपापल्या जागीं असतात. उत्साहाच्या पहिल्या महिन्यांत सगळें खोलून टाकणारीं आणि सहाव्या महिन्यांत गॅरेजला कुलूप लावणारीं माणसें प्रत्येक देशांत असतात. अशांच्या हातून जितक्या मोटारी गेल्या, तितक्या नुसत्या गंजानें क्वचितच गेल्या असतील.

हें काम करतांना इतिहास कसा हाताला लागतो, याचें एक मजेदार उदाहरण सांगतों. टी. सी.चें एंजिन खोलतांना ब्रिटनच्या व्हिट्वर्थ मापाचा पाना बोल्टच्या डोक्यावर चपखल बसतो. मग कोणी त्याच ब्रिटिश मापाचा नवा नट त्या बोल्टवर चढवूं पाहतो, आणि तो चढत नाहीं. डोकें ब्रिटिश, पण आटे मात्र फ्रान्सच्या मेट्रिक पद्धतीचे! कारण असें कीं, हें एंजिन जेथें तयार झालें, तो कॉव्हेन्ट्रीचा कारखाना पहिल्या महायुद्धांत हॉचकिस या फ्रेंच कंपनीनें मशीनगन बनविण्यासाठीं उभारलेला होता. १९२३ सालीं मॉरिसनें तो विकत घेतला. यंत्रसामग्री मेट्रिक मापाची, म्हणून आटे मेट्रिक राहिले; आणि ब्रिटिश मिस्त्रीच्या पेटींत व्हिट्वर्थचे पाने, म्हणून डोकीं व्हिट्वर्थचीं केलीं. १९१४ च्या महायुद्धाची ही खूण आजहि एखाद्या हौशी माणसाच्या तळहातावर येऊन पडते.

दुसरें उदाहरण कार्बुरेटरचें. हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण करणारें हें उपकरण. या मोटारींतून जें ‘एस्. यू.’ कार्बुरेटर असे, तें स्किनर या जोडे विकणाऱ्या घराण्यांतल्या बंधूंच्या कल्पनेंतून विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालें. आणि त्याच्या पहिल्या नमुन्यांत, घराण्याच्या धंद्याला साजेसा, कातड्याचा भाता होता! पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. एंजिनाची ओढ वाढली, कीं तो आपोआप वर उचलला जातो आणि त्याला लटकलेली सुई तेवढेंच अधिक पेट्रोल सोडते. एम्. जी.ला अशीं दोन कार्बुरेटरें असतात आणि दोघांची ओढ सारखी असावी लागते. ती जुळविण्याची जुनी युक्ति म्हणजे रबरी नळीचें एक टोंक कानाला आणि दुसरें आळीपाळीनें एकेका कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरावयाचें. दोन्हींचा फूत्कार सारखा ऐकूं येईपर्यंत स्क्रू फिरवावयाचा. तंबोऱ्याच्या तारा जुळविणाऱ्याला हें काम शिकविण्याची गरज पडणार नाहीं.

सर्वांत कठीण काम अर्थात् पत्र्याचें. एम्. जी. बी.चे उंबरे म्हणजे दोन दारांखालून जाणारे पोकळ खांब. मोटार उघडी, वर छप्पर नाहीं. म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचा बहुतेक भार या उंबऱ्यांवरच. गंजलेला उंबरा कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत पोलादी पट्ट्यांचा आडवा आधार जोडावा लागतो. तो न देतां कोणी कापला, तर मोटार मधोमध किंचित् वांकते. डोळ्यांना दिसत नाहीं, पण नवा उंबरा जोडल्यावर दार लागेनासें होतें, आणि मग तें कधींच लागत नाहीं. घरगुती जोडकाम करणारा प्रत्येकजण म्हणून दाराच्या फटी पुनःपुन्हां मोजतो.

१९८८ सालीं या क्षेत्रांत एक अपूर्व गोष्ट घडली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें एम्. जी. बी.ची संपूर्ण पत्र्याची पेटी नव्यानें तयार करून विकण्यास आरंभ केला. जुन्या कारखान्यांचे पत्रे दाबण्याचे मूळ सांचे डेव्हिड बिशप यांच्या पुढाकारानें शोधून काढण्यांत आले आणि अ‍ॅबिंग्डनपासून फार लांब नसलेल्या फॅरिंग्डन येथें त्यांतून निघालेल्या पत्र्यांचें जोडकाम सुरू झालें. आठ वर्षांपूर्वीं जी मोटार बंद पडली होती, तिचें कोरें करकरीत शरीर आतां कोणासहि विकत मिळूं लागलें. जुन्या मोटारीचें एंजिन, चाकें, बैठका, दिवे काढून नव्या पेटींत बसवावे, कीं मोटार तयार!

पण ती मोटार जुनी कीं नवी? येथें प्रश्न यंत्राचा राहत नाहीं, तत्त्वज्ञानाचा होतो. आणि तो नुसता वाचनालयांत चर्चिला गेला नाहीं. लंडनच्या न्यायालयांत त्याचा निकाल लागला. १९२९ आणि १९३० अशीं दोन वर्षें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ नांवाची एक बेंटली मोटार होती. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला; मग घेणारा म्हणूं लागला कीं, ही ती मोटार नव्हेच, तिचे बहुतेक सर्व भाग केव्हांच बदलले गेले आहेत. भाग बदलले होते, हें खरें होतें. शर्यतींतले मूळ भाग फारच थोडे उरले होते. तरीहि १९९० सालीं न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल दिला कीं, हीच ती मोटार. तिच्या अस्तित्वाची सांखळी कधीं तुटली नाहीं. बदल होत गेले ते तिच्यावरच होत गेले. तिच्या जागीं दुसरी मोटार कधीं आली नाहीं. म्हणजे ओळख केवळ धातूंत नसून अखंड चालत आलेल्या आयुष्यांत आहे, असें न्यायासनानें मानलें. आपल्याकडे देवळाचा कळस नवा, सभामंडप नवा, फरशी नवी असली, तरी देऊळ जुनेंच म्हणतो, तें याच न्यायानें.

परंतु या न्यायाला दुसरी बाजूहि आहे. १९८० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं मोटारी इतक्या चकचकीत केल्या गेल्या कीं, अ‍ॅबिंग्डनच्या कामगारांनाहि त्या ओळखूं आल्या नसत्या. जेथें कारखान्यानें रंगाचा एकच हात दिला होता, तेथें सहा हात दिले गेले; भेगा पडलेलें मूळ कातडें फेंकून नवें लावलें गेलें; खालचें लोखंडहि आरशासारखें घांसलें गेलें. आतां जाणत्यांचें मत पालटूं लागलें आहे. जें टिकलें आहे तें राहूं द्यावें, जें धोक्याचें आहे तेवढेंच बदलावें, आणि काय बदललें याची नोंद ठेवावी, असें ते म्हणतात. ब्रिटनमध्यें २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, मूलतः न बदललेल्या मोटारींना वार्षिक तपासणींतून सूट आहे. मोटार सुरक्षित आहे कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी तेव्हांपासून मुख्यतः तिच्या धन्याच्या विवेकावर आली. हौसेबरोबर विवेकहि हवा, तो येथें.

देवळांच्या बाबतींत हा धडा आपणहि शिकत आहों. काळ्या पाषाणावर तैलरंग फासला, कोरीव खांबांना चकचकीत फरशीचे तुकडे चिकटविले, कीं वर्गणी देणाऱ्यांचा उत्साह दिसतो, पण पाथरवटाची छिन्नी दिसेनाशी होते. जीर्णोद्धार आणि नवें बांधकाम यांतला फरक एवढाच आहे कीं, पहिल्यांत आपल्या हाताआधीं तेथें दुसऱ्याचे हात लागून गेले आहेत, याची जाणीव असते.

अ‍ॅबिंग्डनचा कारखाना आज उरला नाहीं. परंतु तेथें पन्नास वर्षें जें काम होत असे, तें थांबलें नाहीं. एका छपराखालून निघून तें हजारों लहान छपरांखालीं गेलें. कॅलिफोर्नियांत, न्यूझीलंडांत, यॉर्कशरांत आज कोणी तरी उंबऱ्याचा पत्रा कापण्यापूर्वीं दाराची फट मोजीत असेल. कोणी तरी रबरी नळी कानाशीं धरून बसला असेल. त्यांच्यांतील बहुतेकांनीं तें गांव पाहिलेलेंहि नाहीं. पण बोल्ट किती आंवळावा आणि बिजागरी कोणत्या बाजूला ओढावी, हें आतां त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. स्वस्त भागांची, साध्या कुळांतली, हातांनीं ढकलत जोडलेली मोटार होती, म्हणूनच हें शक्य झालें. ज्या वस्तु उघडतां येतात, त्यांचाच जीर्णोद्धार होऊं शकतो. आजचीं आपलीं कित्येक यंत्रें बंद पेटींत येतात आणि बंद पेटींतच फेंकलीं जातात. त्यांच्यावर कोणाच्या हाताची खूण नसते आणि तीं उघडून पाहण्याची सोयहि नसते. शंभर वर्षांनंतर आपल्या कोठारांत ताडपत्रीखालीं काय सांपडावें, आणि तें कोणाला पुन्हां जोडतां यावें कीं नाहीं, हें आपण आज काय विकत घेतों आणि काय दुरुस्त करतों, यावर अवलंबून आहे.